आधी दुमड काढ

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसलोय. रागावू नका. मी मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. बंद पडलेल्या वस्तूला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावरच माझं पोट चालतं. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो. तरी हे लिहितोय... कारण घरात कुणाला सांगता येत नाही.

आम्ही माण तालुक्यातले. दहिवडीत रस्त्याकडेला अण्णांचं – माझ्या वडिलांचं – पंक्चरचं दुकान आहे. पत्र्याचं खोकं, एक कंप्रेसर आणि पाण्याचं घमेलं. शेजारी कासिमचाचांचं शिलाईचं दुकान. मध्ये फक्त एक पत्रा, त्यामुळे एकाची शिंक दुसऱ्याला ऐकू जाते. बारावीपर्यंत सुट्टीत मी तिथंच असायचो. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले की तिथं पंक्चर. पॅच लावून पुन्हा बुडवायची. बुडबुडे बंद म्हणजे काम झालं.

पण मी लावलेला पॅच अण्णांना कधी पटला नाही. मी बाजूला झालो की तीच ट्यूब हातात घेऊन, सरळ करून, परत पाण्यात घालायचे. "आधी दुमड काढ. दुमडीत हवा आडती, मग वाटतं पंक्चर न्हाई." गिऱ्हाइकासमोर हे चालायचं. मला इतका राग यायचा की मी मुंबईला गेलो त्यात त्या रागाचाही थोडा वाटा असेल.

गेल्या वर्षी अण्णांचे पाय बधिर व्हायला लागले. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. छातीच्या मागच्या मणक्यात दाब आला होता. सांगलीत ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं – मणक्यापर्यंत बरगड्यांमधून जावं लागेल, फुफ्फुस शेजारीच असतं, क्वचित त्रास होतो. ते क्वचित नेमकं आमच्या वाट्याला आलं. दुसऱ्या दिवशी अण्णांना दम लागला. फुफ्फुसातून हवा गळून छातीत साठली होती आणि फुफ्फुस मिटलं होतं. बरगड्यांमधून एक नळी घातली, तिचं दुसरं टोक कॉटखालच्या बाटलीत, पाण्यात. अण्णा खोकले की बाटलीत बुडबुडे.

अण्णांनी मान वळवून बघितलं. "पंक्चर हाय रं," म्हणाले. हसायला गेले, तर दुखलं.

त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. भीती नाही, रडू नाही. सही कर म्हटलं की करायची, गोळ्या आण म्हटलं की आणायच्या. आई शेळ्यांपायी गावाकडेच होती. तिला रोज फोन करून "बरं हाय" एवढंच सांगायचो. बाकी वेळ बाटलीकडे बघत बसायचं.

चौथा दिवस, सकाळी अकराची वेळ. वॉर्डात भेटायला येणाऱ्यांची वर्दळ होती. शेजारच्या पेशंटचे पाहुणे आमच्या नळीवरून पाय टाकून जात होते. दुकानात हवेचा पाईप पायात आलेला अण्णांना खपायचा नाही, गुंडाळून बाजूला खोचायचा हा नियम. हाताला तीच सवय. मी नळीचा लोंबणारा भाग गुंडाळला आणि गादीच्या कडेखाली खोचून दिला. कुणाला विचारलं नाही. थोड्या वेळानं बघतो तर बुडबुडे बंद.

"अण्णा, निघालं बगा पंक्चर," मी म्हटलं. ते डोळे मिटून होते, ऐकलं की नाही माहीत नाही. चार दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्याचं जाणवलं. मी खाली चहाला गेलो.

कप हातात घेतला आणि फोन वाजला. कासिमचाचा.

"सुनील, अण्णास्नी घरी आणलंस आन् आमाला सांगितलं न्हाईस व्हय?"

"न्हाई चाचा, आमी सांगलीतच हाय."

"चेष्टा करू नगं लेका. आत्ता बघून आलो. दुकानाचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो, तर घमेल्यावर वाकून बसल्यात. वर बघितलं न्हाई. लय दम लागल्यागत बोलत हुते. म्हणले, सुन्याला सांग, आधी दुमड काढ म्हणावं." मग चाचा मलाच रागावले. "एवढ्यात कामाला कशाला लावलंस रं त्यास्नी?"

मला भुताबिताचा विचार आला नाही. मला फक्त गादीची कड दिसली.

वर गेलो तेव्हा अण्णा कॉटचा दांडा धरून अर्धे उठले होते. ओठ काळेनिळे, मानेच्या शिरा टरारलेल्या. तोंडातून आवाज निघत नव्हता. मी नळी गादीखालून ओढून काढली. दोन ठिकाणी दुमडली होती. ती सरळ केली आणि बाटलीत पाणी उकळल्यागत बुडबुडे उसळले. तोवर सिस्टर धावत आल्या, मागोमाग डॉक्टर.

अण्णांचा रंग परतल्यावर सिस्टरनी विचारलं, "नळी कुणी खोचली?"

"मी."

त्या ओरडल्या नाहीत. "बुडबुडे अचानक थांबले तर आम्हाला सांगायचं. नुसतं बघून ठरवायचं नाही. अजून थोडा उशीर झाला असता..." कप माझ्या हातातच होता, रिकामा. चहा मनगटावर सांडून भाजलं होतं, ते मला संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी चाचांना फोन केला. ते म्हणाले, अण्णांसाठी चहा सांगून परत आलो, तर दाराला कुलूप. त्या कुलपाची एकच किल्ली आहे, आणि ती सांगलीत माझ्या बॅगेत होती.

मी कारण शोधलं. चाचा सत्तरीचे, डोळ्यांत मोतीबिंदू. पत्र्यापलीकडून ते वाक्य त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं. दोस्ताची आठवण आली असेल, भास झाला असेल. सगळं मान्य. पण नळी, बाटली यातलं चाचांना काहीच माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. आणि फोन अकरा बावीसचा आहे. मोबाईलमधली ती नोंद मी अजून पुसलेली नाही.

अण्णांना नंतर विचारलं. "मला काय बी आठवत न्हाई. झोपलोवतो," म्हणाले. नळी कुणी खोचली होती हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. कारण मला सापडलं नाही, आणि खरं म्हणजे आता मी शोधतही नाही.

अण्णा काठी घेऊन चालतात, दुकानात स्टुलावर बसतात. वाकायला मनाई आहे. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा मी एक पॅच लावला, ट्यूब बुडवली. बुडबुडे नव्हते. अण्णांनी हात पुढं केला. गिऱ्हाईक समोरच उभं होतं. मी ट्यूब त्यांच्या हातात दिली, आणि पाण्यानं भरलेलं घमेलं उचलून, त्यांचं बघून होईपर्यंत त्यांच्या गुडघ्याशी धरून उभा राहिलो.