पांढऱ्या मिठावरची काळी रेघ

देवाशी माझं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. माणसांशी माझी भांडणं पुष्कळ झाली आणि मिटलीही, पण हे एक मी मिटू देत नव्हतो. आमच्या मिठागराच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, त्याला आम्ही बांधदेव म्हणतो. माझे वडील मिठागरावर राबत. हंगामातली मिठाची पहिली पाटी ते त्याच्यापुढे ओतायचे, मगच बाकीचं मीठ उचलायचे. एका उधाणाला ते उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवायचं बांधातलं लाकडी दार, बंद करायला गेले आणि दारासकट वाहून गेले. दगड तिथून वीस पावलांवर. ज्याने आयुष्यभर मान दिला त्याला वीस पावलांवरून हात देता येत नसेल, तर तो देव कसला? तेराव्याला मी त्या दगडाकडे पाठ केली. थोरल्या भावाने, दादाने, शेंदूर लावणं मात्र सोडलं नाही. त्यामुळे त्याच्यावरही माझा राग होता.

मी भंगाराच्या धंद्यातून वर आलेला माणूस. पुढे लेथ मशीन चालवायला शिकलो, वसई पूर्वेला वर्कशॉपसाठी स्वतःचा गाळा घेतला. घासाघिशीत मला कोणी हरवल्याचं आठवत नाही, आणि समोरचा ताठ वागला की माझं डोकं फिरतं, हेही खरं. विमानाचं वेड लहानपणचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हाती चार पैसे आले तेव्हा उडायला शिकलो, परवाना काढला आणि चांदीप गावातल्या एका शेडमध्ये नकाशे भिंतीला लावून विमान बांधायला बसलो. भंगारात एका जपानी गाडीचं रोटरी इंजिन सापडलं होतं. त्यात पिस्टन नसतात. एक तिकोनी लोखंडी तुकडा पोटातल्या पोटात गरगर फिरत राहतो. त्याचा आवाज धडधड असा येत नाही. एकसुरी घोंघावणं ऐकू येतं, बंद खोलीत भुंगा अडकल्यासारखं. माझा मेकॅनिक बस्त्याव पहिल्यांदा ते चालू झालं तेव्हा म्हणाला होता, "शेठ, हे गातंय का रडतंय, आधी ठरवून घ्या."

चार वर्षांनी विमान तयार झालं आणि उड्डाणाचे कागदही हातात आले. सपाट आणि मोकळी जागा म्हणून मी आमचंच जुनं मिठागर ठरवलं. दहा वर्षं तिथे मीठ पिकलं नव्हतं. वाफ्यांचे आतले बांध मी सपाट करून घेतले होते. वर मिठाची पांढरी खपली आणि खाली काळा चिखल, पण थंडीत ती जमीन फरशीसारखी कडक होते. अडचण एवढीच होती की विमान बाहेरच्या मोठ्या बांधावरून उचलून आत न्यायचं होतं. त्यासाठी गावातले पाच गडी आले आणि दगडाजवळ येऊन थांबले. आमच्याकडे नवी वस्तू बांध ओलांडते ती कौल घेऊनच. नवी होडी असो की नवी सायकल, दगडाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने झेंडूची एकेक पाकळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर थांब. कौलाशिवाय एकही गडी विमानाला हात लावेना.

दादाने पाकळ्या लावल्या. डावी पडली.

"परत लाव," मी म्हणालो.

"अरे, त्याला दोनदा इचारीत नाय."

"दुकानदारसुद्धा पहिल्या बोलीवर अडून बसत नाही. लाव म्हणतो ना!"

दादाने पुन्हा लावल्या. पुन्हा डावीच पडली. गडी खांद्यावरचे टॉवेल झटकून निघायला लागले तसा माझा पारा चढला. अकरा वर्षांपूर्वी गप्प बसलेला दगड आज मला अडवतोय! "तिसरा मी लावतो," म्हणत मी पुढे झालो. माझ्या बोटांना बेअरिंगचं ग्रीस होतं. डाव्या पाकळीला मागून ते ग्रीस फासलं आणि उजवी नुसती ओल्या बोटाने टेकवली. उजवी पडली. गडी खूश झाले आणि विमान उचलायला सरसावले. दादाने वाकून ती डावी पाकळी न्याहाळली आणि बाजूला झाला.

सकाळचे साडेसात वाजले असतील. वारा नव्हता. खाडीवर धुकं होतं, पण दूर, तिवरांच्या झाडीपलीकडे. बेत साधा होता: उडायचं, खाडीवरून एक फेरी मारायची आणि उतरायचं. बस्त्यावने इंजिन चालू केलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि ओरडला, "शेठ, परत या बरं का! माझा पगार राहिलाय!" मी हसलो. विमान धावलं, चाकांखालची खडखड एकाएकी थांबली आणि मी हवेत होतो. चार वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला. खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो दगडाचा. 'बघ, गेलो की नाही?'

खाडीवर वळलो तेव्हा इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकताना दिसला. समोरच्या काचेवर वाफ आणि गोडसर वास. कुठलीतरी नळी सुटली होती. हे इंजिन ताप सहन करत नाही, काही मिनिटांत अडकून बंद पडतं. मी लगेच मिठागराकडे तोंड वळवलं, तर मिठागर नव्हतंच. धुकं केव्हा आत आलं कळलं नाही. वर पांढरं, समोर पांढरं, आणि खाली मिठाची पांढरी खपली. जमीन कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते, सांगता येईना. मी खाली उतरतोय की नुसता लोंबकळतोय, तेही कळेना. इंजिन घोंघावत होतं. त्या आवाजातही भोवतालची शांतता मला ऐकू येत होती, हे कसं सांगू? एक कावळा नाही, बगळा नाही. आयुष्यात प्रथमच मला बोली लावायला समोर कोणी नव्हतं. तोंडातून एवढंच निघालं, "मला दिसत नाही रे."

तेव्हा तो दिसला. खाली डाव्या हाताला एक माणूस पाठमोरा चालत होता. कमरेला पंचा, डोक्याला फडकं, मागे मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. फळीखाली खपली निघत होती आणि काळी ओली रेघ उमटत होती. त्या रेघेमुळे जमीन कुठे आहे ते मला कळलं. विमान डोक्यावरून गेलं की आमच्याकडे म्हातारेकोतारेही मान वर करतात. मी त्याच्या जरा मागे, चार माडांच्या उंचीवर होतो आणि इंजिन घोंघावत होतं, पण त्याने वर पाहिलं नाही. पावलं भराभर नाहीत, हळू नाहीत, तरी तो विमानाच्या पुढेच. मला भीती वाटली ती पडण्याची नाही, तो मान वळवेल याची. मी नजर रेघेवर ठेवली आणि तिच्या बाजूबाजूने खाली आलो. चाकं टेकली, विमान धावत गेलं, आणि थांबता थांबता इंजिन एक कळ सोसल्यासारखा आवाज करून अडकलं.

मी उतरलो. तापलेलं लोखंड टिकटिक वाजत होतं. धुक्यातून बस्त्याव धावत आला. "शेठ, जिवंत आहात ना? का मी भुताशी बोलतोय?"

"तो माणूस कुठे गेला?"

"कोण माणूस?"

मी रेघ दाखवली. ती बांधापासून सरळ आली होती आणि विमानाच्या नाकापुढे पाच-सहा पावलांवर संपली होती. तिच्यात अजून पाणी झिरपत होतं. बाजूला पावलांचा ठसा नव्हता, जाणारा नाही, येणारा नाही. पाचही गडी आले. त्यातल्या वडीलधाऱ्याने वाकून रेघेला बोट लावलं. "फलीची रेघ हाय ही. पन हितं आता फली हाय कोनाकडं?" त्याने पायातली चप्पल काढून हातात घेतली. मग सगळ्यांनीच काढली.

दादा आला नव्हता. मी बांधावर गेलो तर तो दगडापुढे मांडी घालून बसलेला. त्याने काही पाहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, आणि मग ग्रीसचंही सांगितलं. इतक्या वर्षांत स्वतःची लबाडी मी तोंडाने कबूल केल्याची ती पहिली वेळ.

"म्हाइत हाय," दादा म्हणाला. "वास आला ना मला."

"मग मला अडवलं का नाहीस?"

"तू कवा कोनाचा ऐकलास? म्हनून हितं येऊन बसलो."

"काय मागितलंस त्याच्याकडे?"

"काय मागायचा? त्याला दिसत नाय का? गप बसलो."

मी तिथेच त्याच्या शेजारी बसलो. मला रडू आलं, आणि त्यात रागही होता. माझ्यासाठी रेघ ओढली, मग बाबांच्या वेळी का नाही? दादाला विचारलं. तो म्हणाला, "मी बी रोज हाच इचारतो. अजून काय बोलला नाय." अकरा वर्षं मला वाटत होतं की दादाला हा प्रश्न पडलाच नाही. तो प्रश्न घेऊनच रोज शेंदूर लावत होता.

तो माणूस कोण, हे मी ठरवलेलं नाही. शेजारच्या गावचा कोणी असेल. बाबांसारखा होता का, असं लोक विचारतात. पाठमोरी माणसं सगळी सारखीच दिसतात, एवढंच मी सांगतो. बस्त्याव त्याला देवदूत म्हणतो, मी वाद घालत नाही. पुढे नळी बदलली, इंजिन पुन्हा उघडून बसवलं आणि ते विमान खूपदा उडालं. बाजारात मी आजही घासाघीस करतो, तावातावाने भांडतो. स्वभाव एका सकाळीत जात नाही. पण देवाशी नातं म्हणजे सौदा, असं मी धरून चाललो होतो. एवढा मान दिला की एवढं रक्षण, आणि सौदा मोडला की बोलणं बंद. त्या धुक्यात माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. ठरवून काही मागितलंही नव्हतं. दिसत नाही, एवढं खरं मात्र बोललो होतो.

त्या दिवशी गड्यांनी विमान बांधावर चढवून ठेवलं आणि दुपारी उधाणाची भरती आली. उघाडीतून पाणी आत सरकलं, रेघेत शिरलं, आणि तिच्या कडा हळूहळू विरघळल्या. आम्ही दोघे भाऊ बघत उभे होतो. ती जपून ठेवावी, फोटो काढावा, असं क्षणभर वाटलं. मग तेही राहू दिलं. पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा दादाने माझा हात धरला, आणि तो नेईल तिकडे मी चालत गेलो.