आत्याच्या पदराखालची काठी

वरवट बकालच्या मनकर्णाबाईनं आयुष्यात किती सोयरिकी जुळवल्या, हे तिलाही सांगता आलं नसतं. सावळी, ठेंगणी, तिरळी, कोणतीही पोरगी तिच्या हवाली करावी आणि निर्धास्त व्हावं. पोरीचा पाय अधू असला तर तिची रीत ठरलेली. पाहुणे यायच्या आधीच पोरीला पाटावर बसवायचं, लुगड्याचा घोळ पायांवर पसरायचा, आणि पाहुणे वाटेला लागल्याशिवाय उठू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुपारी एकदा फुटली की सासरच्यांनी लंगडेपण पाहिलं काय नि न पाहिलं काय. यात आपण कोणाला फसवतो असं तिच्या मनात कधी आलं नाही. पोरी नांदत होत्या, तिला तेवढं पुरे होतं.

निवृत्ती हा तिचा भाचा, तिच्या भावाचा, उकंडरावाचा थोरला. लहानपणीच्या तापात त्याचा उजवा पाय वाळला, काठीशिवाय त्याला उठताच येत नसे. वावरातल्या कामाचा नाही म्हणून बापानं शाळेत घातला, तर पोरगा तिथं हुशार निघाला. त्यातच गावाजवळच्या नाल्यावर सरकारी पूल बांधायला घेतला. ओव्हरसियर कागदावर कमान दाखवायचा आणि गवंडी तीच दगडात उभी करायचे. निवृत्ती रोज जाऊन बघत बसे. पूल झाला, ओव्हरसियर गेला, पण याच्या डोक्यातून ती कमान काही गेली नाही. त्याला पूल आखायचे होते, दुसरं काही नको होतं.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले आणि इंजिनियरिंगची शाळाही तिकडेच होती. ओव्हरसियरीच्या वर्गासाठी पोरं निवडायला वामनराव नावाचे इंजिनियर बुलढाण्याला येणार, ही बातमी मास्तरांनी आणली. लंगड्याला कोण घेतं, म्हणून उकंडरावानं मान हलवली. मनकर्णाबाई मात्र कंबर कसून उठली. पाहायलाच येणार आहेत ना लोक, मग हे काम तिचंच होतं.

बैलांच्या दमणीतून राजूरचा घाट चढून आत्या-भाचे बुलढाण्याला पोहोचले ते इतरांच्या आधी. कचेरीच्या ओसरीवर बाकं मांडली होती. तिनं त्याला भिंतीकडच्या बाकावर बसवलं, धोतराचा सोगा पायावर नीट सोडला आणि काठी काढून घेतली.

"सुपारी फुटेलोक काठी दिसू द्याची नाही," ती म्हणाली. "काही झालं तरी बसूनच राहजो."

मग काठी पदराखाली धरून ती आवारातल्या लिंबाखाली जाऊन बसली.

वामनराव आले, त्यांनी एकेकाला प्रश्न घातले. गणितात निवृत्ती सगळ्यांत सरस निघाला. पाटीवर त्यानं कमान काढली ती वामनरावांनी दोनदा पाहिली आणि याला ओव्हरसियरीला घ्यायचं असं शेजारच्या कारकुनाला सांगितलं. आखणी बरी पण गणित जेमतेम, अशा एका पोराला त्यांनी बांधकामाचे नकाशे काढायच्या वर्गात टाकलं. असा वेगळा वर्ग असतो हे निवृत्तीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लिंबाखाली मनकर्णाबाईचा जीव भांड्यात पडला.

आता सगळ्यांनी मैदानात चला, वामनराव म्हणाले, पावलांनी अंतर कसं मोजता ते बघू. पोरं उठली, निवृत्ती बसून राहिला. वामनरावांनी हाक मारली, पुन्हा मारली. तो खाली बघत होता. काठी नव्हती, आणि काठी नाही हे सांगावं तर आत्याला दिलेला शब्द मोडत होता. ज्याला वडीलधाऱ्यांसमोर उठायची रीत नाही त्याचं आपल्याला काम नाही, असं म्हणून वामनरावांनी त्याचं नाव काढायला लावलं.

तेव्हा मनकर्णाबाई काठी घेऊन धावत पायऱ्या चढली. वामनरावांनी काठीकडे पाहिलं, मग पोराच्या पायाकडे.

"हे सकाळी का सांगितलं नाही?" ते म्हणाले. "नकाशांच्या वर्गात टेबलाशी उभं राहिलं की झालं. त्याला चालायला कोण सांगतं? आता ती जागा गेली."

दमणी घाट उतरली.

"मले वाटलं, ते बी सोयरेच," मनकर्णाबाई म्हणाली.

निवृत्तीला तिचा भयंकर राग आला होता. पण आपलेच दात, आपलेच ओठ. तो राग त्यानं वर्षभर गिळला.

पुढच्या खेपेला तो एकटा गेला. सगळे बसल्यावर काठी वाजवत ओसरी चढला आणि नकाशांच्या वर्गाला आलोय म्हणाला. वामनरावांनी घेतलं. नागपूरच्या शाळेत नकाशांचं दालन माडीवर होतं. जिना चढायला वेळ लागे म्हणून तो सगळ्यांच्या आधी जाई, आणि पोरं त्याला लंगडा कोतवाल म्हणत. यथावकाश बुलढाण्याच्या बांधकाम कचेरीत त्याला जागा मिळाली. जिल्ह्यातल्या कितीतरी पुलांच्या कमानी त्याच्या टेबलावरून गेल्या.

मनकर्णाबाई गेली. वामनरावांना पेन्शन झाली, आणि पोरं निवडायचं काम निवृत्तीरावांकडे आलं. तेव्हापासून त्यांनी एक रिवाज धरला. ओसरी चढण्याआधी ते लिंबाखाली जमलेल्या आयाबायांसमोर जाऊन उभे राहत आणि विचारत, आतल्या कोणाची काठी कोणापाशी आहे काय? बाया एकमेकींकडे बघून हसत. साहेब भला आहे पण डोक्यानं जरा हलका, असं कचेरीतही बोललं जाई. निवृत्तीरावांनी विचारणं सोडलं नाही.

एका वर्षी रोहिणखेडची सोजराबाई हसली नाही. तिनं पदराखालून एक कुबडी काढली.

"आता नाही घ्यान तुम्ही माह्या पोराले," ती म्हणाली.

"ते त्याचं गणित पाहून ठरवू, बाई. पण त्याले उठता तं आलं पाहिजे," निवृत्तीराव म्हणाले.

कुबडी काखेत धरून, आपली काठी टेकत ते पायऱ्या चढू लागले.