केरूच्या छातीवरची निळी रेघ

केरू मयेकर आगबोटीतून रत्नागिरीला उतरला, तेव्हा त्याला ओळखायला त्याच्या बायकोला, राहीलाही क्षणभर वेळ लागला. गेला होता तो चांगला दणकट गडी. आता पायांचे खांब झालेले, तोंड सुजून पांढरंफटक, दोन शब्द बोलला की धाप. बोटीवरून माणसं आणणारा पडाव किनाऱ्याला लागला, तसं चुलतभावाने त्याला पाठुंगळी घेऊन वाळूवर आणलं. राहीने डोक्यावरचा पदर घट्ट ओढला आणि मुकाट्याने त्याचं गाठोडं उचललं.

ते साल एकोणीसशे सत्तावीस. केरू रत्नागिरीजवळच्या भाट्याचा. मालवाहू बोटीच्या इंजिनघरात तो कोळसा ओढायचा. त्या खेपेला बोट बस्र्याच्या बंदरात दुरुस्तीला अडकली आणि महिनेच्या महिने तिथेच राहिली. शिध्यात गिरणीत घासून शुभ्र केलेला तांदूळ, वर पातळ कालवण. आधी खलाशांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, मग पाय सुजले. केरूचा जोडीदार विठू परतीच्या वाटेवरच गेला. त्याला समुद्राच्या हवाली करताना केरूला उभंही राहवत नव्हतं.

घरी आल्यावर राहीने त्याची सेवा करण्यात काही कसर ठेवली नाही. आजारी माणसाला घरचा लाल, जाडा तांदूळ कसा पचायचा, म्हणून तिने बाजारातून मुद्दाम पांढरा तांदूळ आणवला आणि त्याची मऊ पेज त्याला चमच्याने भरवली. सूज वाढतच गेली. गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि राहीला बाहेर बोलावून सांगितलं, "काळीज थकलंय. देवावर हवाला ठेवा."

पण हे डॉक्टर नुसतं सांगून थांबले नाहीत. मुंबईच्या प्रयोगशाळेत हृदयाच्या स्नायूंवर संशोधन करणारे नरहर आगाशे मे महिन्यात रत्नागिरीला आपल्या घरी येत. त्यांना ते भाट्याला घेऊन आले.

आगाशे ओसरीवर केरूच्या शेजारीच मांडी घालून बसले. छातीवर डाव्या हाताचं बोट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकत, आवाज ऐकत ते पुढे पुढे सरकले आणि खिशातल्या निळ्या पेन्सिलीने त्यांनी छातीवर एक लांबलचक रेघ ओढली.

"इथपर्यंत तुझं हृदय पसरलंय," ते म्हणाले. "ते असायला हवं याच्या चार बोटं आत. बोटीवर काय खात होतास?"

केरूने सांगितलं. आगाशांनी राहीकडे पाहिलं. "आणि घरी?"

तिने पेजेचं सांगितलं आणि आगाशांचा चेहरा बघून तिला काय ते उमगलं. "म्हणजे मीच..."

"बाई, तुम्ही चांगलं म्हणूनच दिलंत," आगाशे म्हणाले. "कुणीही असंच केलं असतं. पण तांदूळ घासून पांढरा केला की त्यातला कस कोंड्याबरोबर जातो, आणि त्यानेच हे दुखणं होतं. आता इतकंच करा. घरचं भात कांडा, त्याचा आतला बारीक लाल कोंडा चाळून घ्या, आणि तो कुळथाच्या सारातून याला पाजा. दिवसातून जितक्या वेळा घेईल तितक्या वेळा. आणि अंथरुणातून उठू देऊ नका."

राही त्याच दुपारी उखळाशी बसली. कोंड्याचं ते सार केरूला अजिबात गोड लागत नव्हतं, पण ती वाटी रिकामी झाल्याशिवाय समोरून हलायची नाही. त्याचं अंग पुसतानाही निळ्या रेघेला ती ओलं फडकं लागू देत नव्हती. तिसऱ्या दिवशी केरूला भरपूर लघवी झाली, सूज उतरायला लागली. आगाशे परत आले, त्यांनी पुन्हा ठोकून पाहिलं, आणि दुसरी रेघ ओढली ती पहिलीच्या दोन बोटं आत.

"जीव वाचला याचा?" राहीने विचारलं.

"वाचला. तुम्ही वाचवलात."

केरूने बायकोकडे पाहिलं. त्याला बरंच काही म्हणायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "राही, तुझे हात सोलवटले गो." ती हात पदरात लपवून आत गेली.

बोटीवर परतायला आगाशांनी सक्त मनाई केली होती, म्हणून पावसाळ्यानंतर केरू त्यांच्याच प्रयोगशाळेत पारव्यांची निगा राखायला गेला. काही पारव्यांना तिथे मुद्दाम पांढऱ्या तांदळावर ठेवत. ते आजारी पडले की त्यांची मान मागे वळे, पंख लुळे पडत. ते बघून केरूच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तो आगाशांना म्हणाला, "डाक्टर, माझंच दुखणं तुम्ही ह्यांना देताय. मला बघवत नाय."

आगाशे रागावले नाहीत. "मलाही बरं वाटत नाही, केरू. पण किती दिवसांत हृदय बिघडतं आणि कशाने सुधारतं, हे कळलं तर तुझ्यासारखे खलाशी वाचतील. कोंड्याचा अर्क पाजायचं काम तू घे."

तेव्हापासून ते काम केरूचं झालं. सकाळी अर्क पाजलेला पारवा संध्याकाळी मान सरळ करून दाणे टिपताना दिसला, की त्याला स्वतः पुन्हा जन्मल्यासारखं वाटे.

एकदा आगाशांनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाची पातळ चकती दाखवली. आडव्या पट्ट्यापट्ट्यांचे धागे एकमेकांना धरून होते.

"मेलेल्या धाग्याच्या जागी नवा येतो?" केरूने विचारलं.

"त्याच्याच तर मागे आहे मी. अजून तरी दिसला नाही. मेला तिथे नुसता वण राहतो. पण जो उपाशी पडलाय, मेलेला नाही, तो अन्न मिळालं की पुन्हा काम करतो. तुझे उपाशी होते."

काही वर्षांनी केरू गावी परतला आणि खाडीत होडी चालवू लागला. तेहतीस साली पालीचा महिपत, मुंबईला गिरणीत काम करणारा, तसाच सुजून घरी आला. केरूला वाटलं, आता वाचवायची पाळी आपली. कोंड्याची पिशवी घेऊन तो पालीला गेला, महिपतला म्हणाला, "महिन्यात चालायला लागशील." महिना गेला. काहीच झालं नाही.

मे महिन्यात आगाशांनी महिपतला तपासलं. "लहानपणी सांध्यांचा ताप आला होता का?" महिपतने होकारार्थी मान हलवली. परतताना आगाशांनी केरूला सांगितलं, "त्या तापाने याच्या हृदयाची झडप आणि स्नायू दोन्ही जखमी झालेत. वण आहे तो. कोंड्याने भरायचा नाही. औषधाने धाप कमी होईल, तेवढंच."

"मी त्याला आस लावली, डाक्टर."

"आता सोबत दे."

दिवाळीत महिपत गेला, तोपर्यंत केरू आठवड्यातून एकदा पालीला जात राहिला. त्याला मागून उशा लावून बसवायचा, बोटींच्या गोष्टी सांगायचा. शेवटच्या भेटीत महिपत म्हणाला, "कोंडा वाया गेला तुझा. पण तू आलास, बरं वाटलं." त्या दिवशी वाटेवर केरूला प्रथमच कळलं, की आपण वाचलो त्यात आपलं काहीच कर्तृत्व नव्हतं. आपलं हृदय नुसतं भुकेलं होतं, आणि भूक ओळखणारा माणूस वेळेवर ओसरीवर येऊन बसला होता.

आगाशे पुढेही दर मे महिन्यात यायचे, आणि केरू त्यांना होडीतून खाडीत फिरवायचा. अडतीस साली ते बरेच थकले होते. भरतीचं पाणी कापत केरू वल्हवत होता, ते त्याच्याकडे बघत होते.

"नवा धागा काही सापडला नाही रे," ते म्हणाले. "इतकी वर्षं गेली."

केरूने वल्ही थांबवली. "नाय सापडला तर नाय. मी, राही, आमची दोन पोरं... आम्हाला तर तुम्ही सापडलात."

आगाशांनी पाण्यात हात बुडवला, तो ओला हात तोंडावरून फिरवला आणि म्हणाले, "चल, वाईच पुढे घे. तिकडे वारा बरा आहे."