अठ्ठेचाळीस जोड्या

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. कालव्यांची कामं घेणाऱ्या परभणीच्या एका ठेकेदाराकडे मी इंजिनिअर होतो. त्या वर्षी आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. आतल्या खोलीला एसी बसला आणि चपला दाराबाहेर काढून आत जायचा नियम झाला. पुण्याला पंधरा दिवस शिकून आल्यामुळे तो चालवता येणारा मी एकटाच होतो. मालक स्वतः दारात येऊन चहा सांगू का म्हणून विचारायचे. मला ते फार आवडायचं, हे आता लपवत नाही.

त्यात कामाचं नियोजन करणारा एक प्रोग्राम होता. कोणतं काम किती दिवसांचं, ते कशाच्या मागून सुरू होणार, त्याला माणसं किती, एवढं भरलं की तो सगळ्या तारखा लावून द्यायचा. एखाद्या आठवड्यात आपल्याकडे आहेत त्याहून जास्त माणसं लागत असली, तर पडद्यावरच्या आलेखात त्या आठवड्याचा खांब रेघेच्या वर जायचा. मग एक कळ दाबायची. प्रोग्राम कामं मागंपुढं सरकवून, माणसं इकडची तिकडं करून सगळे खांब एका उंचीला आणायचा. नुकत्याच वखरलेल्या वावराकडे पाहावं तसा मी त्या पडद्याकडे पाहत बसायचो.

कालव्याचं पाणी बंद असेपर्यंत दोन कामं उरकायची होती. जिंतूरच्या अंगाला खोदकाम होतं आणि तासाभराच्या अंतरावर देवगाव फाट्याजवळ काँक्रीटचं अस्तर. आमच्याकडे मुकादम माणसं मोजत नाही, जोड्या मोजतो. नवरा खोदतो, बायको त्याचीच पाटी उचलते. दोघं एकाच जागी राहतात, एकाच चुलीवर खातात. मी याच जिल्ह्यात वाढलो, मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. मुकादमानं अठ्ठेचाळीस जोड्या आणल्या होत्या. त्या एका ओळीत ‘जोडी’ म्हणून भरता आल्या असत्या. पण छापलेला तक्ता पाटबंधारे खात्याच्या मोठ्या साहेबांपुढे जायचा होता आणि तो शब्द मला गावंढळ वाटला. मी दोन ओळी केल्या, पुरुष मजूर अठ्ठेचाळीस, स्त्री मजूर अठ्ठेचाळीस.

कळ दाबल्यावर प्रोग्रामनं खोदकामाला पुरुष दिले आणि अस्तराच्या घमेल्यांना नि पाणी मारायला बायका. खांब एकसारखे आले. दोन्ही कामं मुदतीच्या चार दिवस आधी संपत होती.

मुकादम साठीचा माणूस होता. तक्त्याचा लांबलचक कागद त्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि मला म्हणाला, “सायेब, तुमच्या मिशनीचं लगीन झालेलं दिसत न्हाई.” खोलीतले सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं की जोड्या तोडू नका, लोकांना जड जाईल. मी त्याला म्हणालो, बारा दिवसांचा तर प्रश्न आहे. ट्रॅक्टरनं माणसं वाटून टाकली.

दोन दिवसांनी, सोमवारी, मी फाट्यावर गेलो होतो. एक बाई घमेलं खाली ठेवून माझ्याकडे आली. तिशीच्या आतली असावी. आजूबाजूला कुणी ऐकत नाही हे पाहून बोलली.

“सायेब, मला तिकडं धाडा, न्हाई तर त्याला इकडं आना. त्याला फेफरं येतंय. कुनाला सांगू नका, मुकादम कामाला घेनार न्हाई. आंगठा हलाय लागला की मला कळतंय, मी त्याला कुशीवर निजवते. दुसऱ्या कुनाला न्हाई कळत.”

एका माणसाची अदलाबदल करायची होती. कागदावर पेनानं दोन आकडे खोडले असते तरी भागलं असतं. पण गुरुवारी मोठे साहेब पाहणीला येणार होते, तक्त्याप्रमाणे डोकी मोजणार होते, आणि एकीचं ऐकलं तर बाकीच्या सत्तेचाळीसजणी उभ्या राहतील अशी मला भीती वाटली. मी तिला म्हणालो, “गुरुवार जाऊ दे बाई. शुक्रवारी करतो.” ती बरं म्हणाली. पुन्हा वळून बघितलं नाही, घमेलं उचलून गेली.

बुधवारी दुपारी खोदकामावरची माणसं भाकरी खायला बाभळीखाली गेली. तिचा नवरा हात धुवायला एकटाच कालव्याच्या तळाशी उतरला. तिथं झिरपलेलं पाणी साचलं होतं, गुडघाभरही नव्हतं. जेवण झाल्यावर लोकांनी पाहिलं तेव्हा तो त्यात पालथा पडलेला होता.

तिला आणायला जीप घेऊन मीच गेलो. काय झालं ते मी फाट्यावरच सांगितलं. ती जीपमध्ये मागं बसली, पदर तोंडाशी धरून. जिंतूर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “जवळ कोन व्हतं?”

मी म्हणालो, “मुकादम होता.”

“कुशीवर केलं व्हतं का त्याला?”

“हो. डोकं मांडीवर घेतलं होतं.”

पोचल्यावर तिच्याआधी खाली उतरून मी मुकादमाला बाजूला घेतलं आणि मी काय बोललो ते त्याला सांगितलं. त्यानं फेफऱ्याचं माझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तुम्हाला कधी कळलं, असं त्यानं विचारलं. सोमवारी, असं मी सांगितलं. तोवर ती तिथं आली, नवऱ्याकडे जायच्या आधी मुकादमापुढं थांबली आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. त्याच्याजवळ होता म्हणून. म्हातारा दोन पावलं मागं सरकला. तिच्या डोक्यावर हात ठेवायलाही त्याचा हात उठला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी जीपकडे.

दुसऱ्या दिवसापासून मुकादमानं मला न विचारता सगळ्या जोड्या एका जागी आणल्या. मला कुणी जाब विचारला नाही. फेफऱ्याचा आजार होता एवढंच कागदावर लागलं.

ती जिंतूरच्या पलीकडच्या एका गावची. गाव मला माहीत आहे. एसटी त्या गावच्या फाट्यावर थांबते, तिथून पायी अर्धा तासही लागत नाही. मी दोनदा त्या फाट्यावर उतरलो आणि परतीच्या गाडीत बसून घरी आलो. तिच्या लेखी तो कुणाच्या तरी मांडीवर गेला. खरं सांगायला जायचं तर तेवढंही तिच्याकडून काढून घ्यावं लागेल. मी त्याच कारणानं जात नाही, असं स्वतःला सांगतो. पण सोमवारी तिनं मला सांगितलं होतं हे तिला आठवत असणार, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.