डिम्फ्नाचं पहिलं वाक्य

आमच्या गल्लीत डिम्फ्ना गिल्हूलीइतकी बडबडी बाई दुसरी नाही, आणि टीव्हीवर मात्र ती तपभर एक शब्द बोलली नाही. आमच्या गावात एका मालिकेचं शूटिंग चाले. त्यातल्या पबच्या कोपऱ्यात विणत बसलेली बाई म्हणजे डिम्फ्ना. तिथे लग्नं मोडली, आग लागली, पबवाला दोनदा मरता मरता वाचला. हिचं विणकाम चालूच. त्या बाईला नावसुद्धा नव्हतं. तरी दुकानात कुणी भेटलं की डिम्फ्ना विचारी, "काल आमच्या पबात काय झालं, पाहिलंत ना?"

मालिका संपली तेव्हा ती आठवडाभर माझ्याकडे चहाला फिरकली नाही. मग कळलं, त्याच मालिकेतून नवी मालिका निघतेय. पबवाला मरणार आणि त्याची मुलगी ओर्ला डब्लिनला जाऊन खानावळ काढणार. गावातला प्रसंग एकच, पबवाल्याच्या अंत्यविधीचा.

"म्हणजे मी कामातून गेले," डिम्फ्ना म्हणाली. "पब बंद, माझा कोपरा बंद."

"डब्लिनला कोपरे नाहीत का?"

"आहेत गं. पण त्यात बसायला मला कोण बोलावतंय?" एवढं बोलून ती चक्क गप्प झाली. तेव्हा मला तिची खरी काळजी वाटली.

अंत्यविधीच्या शूटिंगला गावातल्या बऱ्याच जणांना बोलावलं होतं, मलाही. सूचना द्यायला लंडनहून आलेला जाइल्स नावाचा तरुण होता. "रांगेने या, ओर्लाचा हात हातात घ्या आणि पुढे सरका. बोलायचं नाही. एक्स्ट्रा बोलत नसतात."

रांग निघाली. डिम्फ्नाने ओर्लाचा हात धरला आणि म्हणाली, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत गं, पोरी."

"कट! मावशी, बोलायचं नाही!"

पुन्हा सुरुवात. डिम्फ्नाने ओठ घट्ट आवळले. पण तिच्या पुढे मेंढपाळ पॅकी मल्वी होता. "तुझ्या दुःखात आम्ही आहोत, पोरी," तो टोपी काढून म्हणाला.

तिसऱ्या वेळी बोलून गेले ती मी. पोरीचा चेहरा पाहिला आणि शब्द आपोआप बाहेर पडले.

जाइल्सने कपाळाला हात लावला. "अहो, शवपेटी रिकामी आहे!"

"ते ठाऊक आहे रे," पॅकी म्हणाला. "पण मयताच्या लेकीचा हात धरायचा आणि मुक्यासारखं पुढे जायचं? लोक काय म्हणतील?"

दिग्दर्शिका मागे खुर्चीत बसून हसत होती. "जाइल्स, बोलू दे त्यांना. इथे असंच असतं, हे आपल्याला आधी कळायला हवं होतं."

परवानगी मिळाल्यावर डिम्फ्ना काय थांबते! ओर्लाचा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "तुझा बाप देवमाणूस होता गं. एका पेल्यावर सबंध संध्याकाळ बसायचे मी, पण कधी उठ म्हणाला नाही."

ओर्लाचं काम करणारी मुलगी रडता रडता हसली. संहितेत नसलेलं तीही बोलली, "डब्लिनला याल ना मला भेटायला?"

"बसने येईन की. पण इतकी वर्षं मी तुमच्या पबात बसले, माझं नाव कधी विचारलंस का?"

"काय नाव तुमचं?"

"डिम्फ्ना."

कुणी कट म्हटलं नाही. दिग्दर्शिकेने तो प्रसंग तसाच ठेवला, आणि महिनाभरात डिम्फ्नाला डब्लिनहून बोलावणं आलं. दर दोन-चार भागांनी ओर्लाची डिम्फ्नामावशी गावाहून बसने यायची होती, विणकामासकट.

पहिला भाग पाहायला आम्ही सगळे तिच्या घरी जमलो. अंत्यविधीची रांग दिसताच डिम्फ्ना उठून उभी राहिली. "हा पॅकी, टोपी बघा कशी! आणि ही पेटी आतून रिकामी होती बरं का, मी डोकावून पाहिलं होतं, आणि तो जाइल्स..."

"अगं, गप्प बस!" आम्ही ओरडलो. "तिकडे टीव्हीवर तू बोलते आहेस!"

पण तोवर पडद्यावरच्या डिम्फ्नाचं बोलणं संपलं होतं, आणि ओर्ला डोळे पुसत होती.