मालनबाई एकट्या किसुमूला निघाल्या

लालबागच्या आमच्या इमारतीत मालन घाडींना कोणी काकू म्हणत नाही. लहानथोर सगळे त्यांना 'बाई' म्हणतात. शाळेतल्या नव्हे, कबड्डीच्या बाई. वय साठीच्या आतबाहेर, आवाज असा की मैदानातून मारलेली हाक आमच्या वरच्या मजल्यापर्यंत येते. गिरणीकामगाराची मुलगी. खेळावर राज्याच्या संघात गेल्या, खेळावरच बँकेत नोकरी मिळाली. आता निवृत्त झाल्या, पण रोज संध्याकाळी इमारतीमागच्या मैदानात मुलींना शिकवतात.

खेळाच्या निमित्ताने बाईंनी सगळा देश पाहिलाय. पण कायम संघाबरोबर. जेवण कुठे, उतरायचं कुठे, परत कधी निघायचं हे व्यवस्थापकाने बघायचं आणि बाईंनी खेळायचं. एकट्याने त्या कधी मुंबईबाहेर पडल्या नव्हत्या. गावी जायचं तरी दौलतभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, बरोबर असायचेच.

किसुमूचं प्रकरण सुरू झालं ते किर्तीमुळे. किर्ती बाईंच्या हाताखाली तयार झालेली, आता महापालिकेच्या संघातून खेळते. चढाईला आलेल्या खेळाडूचा घोटा कसा पकडायचा ते बाई शिकवत होत्या, त्याचा व्हिडिओ तिने काढला आणि टाकून दिला इंटरनेटवर. काही दिवसांनी केनियातून निरोप आला. किसुमू नावाच्या शहरात अचिएंग म्हणून एक शिक्षिका आहे, तिने मुलींचा कबड्डी संघ काढलाय. शिकवायला कोणी नाही, म्हणून मुली व्हिडिओ बघून शिकतात. बाईंनी येऊन थोडे दिवस शिकवावं, शक्य तर आणखी एका जुन्या खेळाडूला घेऊन यावं, अशी तिची विनंती होती.

आणखी एक म्हणजे राधाच. राधा तांडेल माझगावची, बाईंच्या संघातली. मैदानात दोघी शेजारीशेजारी उभ्या राहायच्या आणि अजूनही एकमेकींशी तशाच बोलतात, ओरडून. राधाताईंनी गोदीच्या कार्यालयात आयुष्य काढलं, त्यामुळे इंग्रजी फर्डं. तिकिटं, प्रवासाची परवानगी, अचिएंगशी बोलणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं.

"तू फक्त पासपोर्ट दे आणि गप बस," त्या बाईंना म्हणाल्या. आणि बाई खरंच गप बसल्या.

जायला पंधरवडा उरला असताना राधाताई भाऊच्या धक्क्यावर मासळी आणायला गेल्या आणि ओल्या फरशीवर पाय सरकला. नडगीचं हाड मोडलं. बाई आणि दौलतभाऊ इस्पितळात पोचले तेव्हा राधाताईंचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्या नर्सला चहा गार आहे म्हणून सांगत होत्या.

"आता पुढच्या वर्षी जावा दोघी," दौलतभाऊ म्हणाले.

"पुढच्या वर्षी कशाला? हिचं तिकीट वेगळं आहे, माझं वेगळं. मी पडले म्हणून हिचं विमान उडायचं थांबतं काय?"

"मला इंग्लिश कुठे येतं गो?" बाई म्हणाल्या.

"एवढी वर्षं बँकेत काय केलंस मग?"

"बँकेत लोक मराठीत भांडायचे."

राधाताई हसल्या आणि पाय दुखला म्हणून कळवळल्या. विषय तिथेच राहिला. टॅक्सीत दौलतभाऊ निवांत होते. बरं झालं, डोक्यावरचं ओझं उतरलं, असं काहीतरी म्हणाले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुढे त्यांनी मला सांगितलं, "सुटल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तर झालं उलटंच. तेव्हा कळलं, मला जायचंय. राधा असो नसो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "मी जातलंय."

"एकटी?"

"एकटीच."

दौलतभाऊंनी कप खाली ठेवला. "मग मीय येतंय."

"तुमी येऊन काय करतल्यात? चढाई?"

दौलतभाऊ शांत माणूस. गोदीत वायरमन होते, बोलणं बेतास बात. त्यानंतर त्यांचं बोलणं आणखीच आटलं. पुण्याहून मुलाचा, मयूरचा फोन आला, "आई, रिस्क कशाला घेतेस?" त्याला बाईंनी विचारलं, "तू बारावीनंतर पुण्याला गेलास तेव्हा मी असं म्हटलं होतं काय रे?" मयूर म्हणाला, "नाही." मग म्हणाला, "बरं, फोनवर रोमिंग घे." म्हणजे एकजण वळला.

दौलतभाऊ कधी वळले ते कोणाला कळलं नाही. एका दुपारी ते बाहेरून आले, खिशातून एक प्लग काढून टेबलावर ठेवला. तीन चौकोनी पायांचा, जाडजूड.

"तिकडे असलीच भोकं असतात भिंतीला," ते म्हणाले. "आपला चार्जर जायचा नाय त्यात. हो प्लग लावून बघ." आणि बाईंचा चार्जर त्या प्लगला जोडून त्यांनी दाखवला, काढून परत बाईंना जोडायला लावला. बाई सांगतात, "मला रडूच यायला लागलं. प्लग बघून रडणारी बाई मीच असेन पहिली."

मग जी धांदल सुरू झाली ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. आधी पीतज्वराची लस. ती घेतल्याचा दाखला लागतो म्हणून बाई फोर्टातल्या सरकारी केंद्रात एकट्या गेल्या. रांगेत सगळी तरणी पोरं, जहाजावर नोकरीला निघालेली. त्यातल्या एकाने विचारलं, "काकी, तुम्ही कुठे?"

"किसुमूला. केनियात. कबड्डी शिकवायला."

अनोळखी माणसासमोर हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलल्या. स्वतःच्याच कानाला ते इतकं भारी वाटलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. पोराने पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. आत लस टोचणाऱ्या सिस्टरने दंड पुसता पुसता विचारलं, "त्या कबड्डीवाल्या तुम्हीच का?" बाई दंड चोळत घरी आल्या आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला लसीची जागा दाखवत सुटल्या.

बॅग दादरला घेतली. चाकांची, गडद निळी. दुकानदार म्हणाला, चाकं दगडावरसुद्धा पळतील. बाईंनी ते मनावर घेतलं. टॅक्सी केलीच नाही. रिकामी बॅग ओढत दादरहून हिंदमाता, परळ करत थेट लालबागपर्यंत चालत आल्या. फुटपाथवरचे ब्लॉक, खड्डे, गटाराची झाकणं, सगळ्यावरून बॅग खडखडत आली. मसाल्याच्या दुकानाशी ओळखीची अंबिकाकाकी भेटली.

"गावाक चललंस गो मालन?"

"नाय, आफ्रिकेक!"

अंबिकाकाकीने हातातली मिरच्यांची पिशवी खाली ठेवली आणि मोठ्याने हसली. तिला मस्करी वाटली. खरं आहे म्हटल्यावर तिने बाईंना हाताला धरून दुकानात नेलं आणि मालवणी मसाल्याचं पाकीट पॅक करायला लावलं. "तिकडचे लोक काय जेवतत कोण जाणे," म्हणाली.

तिकडचे लोक काय जेवतात ते बाईंना तोवर कळलं होतं. व्हिडिओ कॉलवर अचिएंग, उंच, हसरी, कानात मोठे डूल, हळूहळू सोपं इंग्रजी बोलायची. तुम्ही काय खाता, असं तिने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "फिश!" अचिएंग टाळी वाजवून हसली. त्यांचं शहर मोठ्या तळ्याकाठी आहे, अख्खा मासा तळून खातात, बरोबर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. बाईंनी फोन बाजूला धरून दौलतभाऊंना सांगितलं, "अहो, मासे आणि उकडीसारखं कायतरी! काय काळजी नाय!"

इंग्रजीची जबाबदारी राधाताईंनी पलंगावरून घेतली. रोज सकाळी फोन, आणि मराठी बोललं की फोन कट.

"हाऊ इज युवर लेग?" बाई विचारायच्या.

"माय लेग इज बोअर्ड. व्हॉट डिड यू ईट?"

"पोहे. पोह्याला काय म्हणतात गो?"

खट. फोन कट.

पण खरी तालीम झाली ती मैदानात. कल्पना किर्तीची. एका संध्याकाळी खेळ संपल्यावर मुलींनी चुन्याच्या फक्कीने पट्टे आखले आणि मैदानाचं विमानतळ केलं. एका टोकाला सामान द्यायचं, पुढे तपासणी, मग पासपोर्टची खिडकी, पलीकडे विमान. खिडकी म्हणजे दोन खुर्च्या आणि त्यावर आडवी बॅट. तिथे किर्ती बसली, कोणाचातरी गॉगल लावून, चेहरा कडक. आम्ही सगळे गॅलऱ्यांतून बघत होतो.

बाई आपली निळी बॅग ओढत आल्या. तपासणीला मुलींनी त्यांच्या बांगड्या, घड्याळ, शिट्टी सगळं काढायला लावलं. शिट्टी काढताना बाई कुरकुरल्या. मग खिडकी.

"व्हॉट इज द पर्पज ऑफ युवर व्हिजिट?" किर्तीने विचारलं.

"कबड्डी."

"व्हॉट इज कबड्डी?"

आता हे पाठ केलेलं नव्हतं. बाईंना शब्द सापडेना. मग बॅग सोडली, पदर खोचला, दम धरला आणि "कबड्डी कबड्डी कबड्डी" करत वाकून पुढे सरकल्या, आडव्या बॅटवरून हात टाकून किर्तीच्या खांद्याला चापट मारली आणि मागच्या पट्ट्यापलीकडे पळून गेल्या. "दिस!" त्या ओरडल्या. "दिस इज कबड्डी! यू आर आऊट!"

मैदान, गॅलऱ्या, खालचा वडेवाला, सगळे हसून हसून बेजार. किर्तीने गॉगल काढला आणि पासपोर्टवर खोटा शिक्का मारला. दौलतभाऊ कठड्याला टेकून उभे होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "जातली ती. काय प्रश्न नाय."

निघायच्या दिवशी अजून नीट उजाडलं नव्हतं, तरी खाली पोरींची गर्दी. बाईंनी ट्रॅकसूट घातला होता, नवे बूट, केसात अबोलीचा छोटा गजरा. राधाताईंनी व्हिडिओ कॉल लावला होता आणि मराठीतच ओरडत होत्या, "पाणी पी! पासपोर्ट हातात ठेव! कोणाचं सामान घेऊ नको!" विमानतळावर फक्त दौलतभाऊ गेले. दारातल्या जवानाने तिकीट बघितलं, विचारलं, "साथ में कौन?" बाई म्हणाल्या, "कोई नहीं. मैं अकेली." हे सांगताना त्यांना हसू आवरेना. जवानही हसला. आत गेल्यावर काचेतून त्यांनी दौलतभाऊंना हात केला आणि पुढे निघाल्या. त्या मागे वळून बघतील म्हणून दौलतभाऊ थांबले होते. वळल्या नाहीत. "बॅग ओढण्यात होती ती," ते आम्हाला सांगत होते. पण आवाजात तक्रार नव्हती.

पुढचं बाईंनी परत आल्यावर सांगितलं. नैरोबीला पासपोर्टच्या खिडकीत एक तरुण बसला होता. त्याने एकच विचारलं, "फर्स्ट टाइम?" बाई म्हणाल्या, "फर्स्ट टाइम केनिया. फर्स्ट टाइम अलोन. फर्स्ट टाइम एव्हरीथिंग." त्याने शिक्का मारला आणि "करीबू" म्हणाला, म्हणजे या. किसुमूचं विमान दुसऱ्या इमारतीतून होतं. बाई भलत्याच दिशेला बरंच चालत गेल्या. गर्दी विरळ झाली, पाट्या संपल्या, तेव्हा त्या थांबल्या. मागे विचारायला कोणी व्यवस्थापक नव्हता. मग समोरून झाडू-बादली घेऊन येणाऱ्या एकीला त्यांनी तिकीट दाखवलं. "किसुमू?" तिने मान हलवली, बादली भिंतीशी ठेवली आणि त्यांना दुसऱ्या इमारतीच्या दारापर्यंत आणून सोडलं. वाटेत दोघींना एकमेकींचं काहीही कळत नव्हतं, तरी दोघी बोलत होत्या.

किसुमूला विमान उतरलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खिडकीतून तळं दिसलं, इतकं मोठं की बाईंना समुद्रच वाटला. अचिएंग दारात उभी होती, फोनवर दिसायची त्यापेक्षाही उंच. तिने मिठी मारली, बॅग घेतली आणि सांगितलं की मुली उद्या सकाळी येणार आहेत, आज फक्त आराम.

पण तिच्या शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मुली तिथेच होत्या. घरी जायला सांगितलं होतं, तरी गेल्या नव्हत्या. तांबड्या मातीत दोरीने आखलेलं मैदान, अनवाणी पाय, आणि सगळ्यांचे डोळे गाडीच्या दाराकडे. बाई उतरल्या. अचिएंग म्हणाली, "मॅम, टुमॉरो. यू आर टायर्ड."

"टायर्ड उद्या," बाई म्हणाल्या, कोणत्या भाषेत ते त्यांच्याही लक्षात आलं नाही. खाली बसून नव्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे आत कोंबले आणि मातीत पाय ठेवला. माती दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होती. कडेला उभ्या असलेल्या सगळ्यात बुटक्या मुलीकडे त्यांनी बोट दाखवलं.

"यू. कम. कॅच माय लेग."