मिस्त्रींनी पुढे ओढलेली खुर्ची

स्पीकर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींबद्दल तात्यांना तसं काहीच ठाऊक नव्हतं. घरी कोण, मुलंबाळं किती, हे विचारायचं राहूनच गेलं. मोजून तीन भेटी, तेवढीच काय ती ओळख.

तात्यांनी जन्मभर पुस्तकं बांधली. निवृत्त झाल्यावर हौसेनं दोन मोठे स्पीकर घेतले आणि ते जळू नयेत म्हणून अ‍ॅम्प्लिफायर मुद्दाम लहान घेतला. त्यांच्या पत्नीला, काकूंना, कमी ऐकू येई, म्हणून तात्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळायचे. व्हायचं तेच झालं. करकर झाली आणि एका स्पीकरचा वरचा बारीक आवाज गेला.

"मला नुसती खरखर कळते. तुम्हीच ऐका," म्हणून काकू उठून गेल्या. तात्या संध्याकाळी एकटेच बसू लागले. गाणं गोड लागेना.

शेवटी बिघडलेला स्पीकर रिक्षात घालून ते मिस्त्रींकडे गेले.

"लहान अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे धोका कमी, हे कुणी सांगितलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"मीच ठरवलं."

"झेपत नसताना ओरडायला लावलं की त्याचा आवाज फाटतो. त्या फाटक्या आवाजानंच स्पीकर जळतो."

तात्या ओशाळले. "मग मोठा द्या."

"आधी घर बघू."

दुरुस्त स्पीकर घेऊन मिस्त्री घरी आले. आवाज किती घुमतो ते बघायला खोलीत दोनदा टाळी वाजवली, खिशातून टेप काढला आणि स्पीकरपासून काकूंची खुर्ची मोजली. सोळा फूट.

"वहिनी, इतक्या लांब का बसता?"

"इथून स्वयंपाकघर जवळ. दूध उतू गेलेलं कळतं."

मिस्त्रींनी खुर्ची थेट आठ फुटांवर ओढली आणि गाणं लावून बटण निम्म्यावर ठेवलं. काकूंनी कान पुढे केला.

"मागे बासरी आहे, हे तुम्ही कधी बोलला नाहीत," त्या तात्यांना म्हणाल्या.

"आता हाच अ‍ॅम्प्लिफायर पुरे," मिस्त्री म्हणाले.

"अहो, मग तुमचा धंदा?" तात्यांनी विचारलं.

"खुर्ची न हलवणारी गिऱ्हाईकं पुष्कळ आहेत."

दूध त्या दिवशी उतू गेलंच.

पुढे एकदाच तात्या आणि मिस्त्री बेकरीच्या रांगेत भेटले. ही शेवटची भेट, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"वहिनी बसतात ना?"

"रोज. आता मलाच गप्प बसवते."

"बरं झालं."

"चहाला या एकदा."

"येतो की. पाव घ्या आधी, तुमचा नंबर आला."